घरी आहे म्हणजे नही शे

सुवानानांना ‘हो’ चालत नसे.

“शिट्टी?” असं त्यांनी विचारलं आणि तुम्ही “हो, आहे” म्हणालात, की ते चष्म्यावरून बघत आणि तोच शब्द पुन्हा उच्चारत. “शिट्टी?” तुम्ही सात वेळा ‘हो’ म्हणा, ते आठव्यांदा विचारत. मग शेजारचा कोणीतरी कोपराने ढोसून सांगे, अहो, ‘शे’ म्हणा. आणि नुसतं म्हणू नका, वस्तू हातात धरून हात वर करा.

‘शे’ म्हणजे अहिराणीत ‘आहे’. आमच्या चाळीसगावात बाजाराच्या दिवशी हा शब्द पावलोपावली कानावर पडतो, त्यात नवल काही नाही. पण नानांनी त्याला आपला कायदा जोडला होता. “‘हो’ तर माणूस बायकोलाही म्हणतो,” ते सांगत, “ऐकलं नसलं तरी म्हणतो. ‘शे’ म्हणजे वस्तू हातात.”

माझ्या चष्म्याच्या दुकानासमोर त्यांचं दोर आणि ताडपत्रीचं दुकान. पूर्ण नाव सुवालाल. राजस्थानातून चार पिढ्यांपूर्वी आलेलं जैन घराणं. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि माझ्याशी शाळेतली मराठी, असा त्यांचा तीन भाषांचा कारभार होता. दुकानात शिरलं की नव्या काथ्याचा वास यायचा. बैलांचे कासरे, विहिरीचे सोल म्हणजे जाडे दोर, गोणपाटं, निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या, आणि छतात एक जाडजूड लोखंडी कडी. गिऱ्हाईक दोर चाचपत विचारी, “शेठ, टिकी का?” नाना उत्तर देत नसत. दोर कडीतून ओवत, दोन्ही हातांनी धरत आणि पाय वर घेऊन लोंबकळत. साठी उलटलेला, पांढरा लेंगा-सदरा घातलेला माणूस स्वतःच्या दुकानात लोंबकळतोय आणि खालचं गिऱ्हाईक तोंडात बोट घालून बघतंय, हे दृश्य मी गल्ल्यावर बसून कितीदा पाहिलं असेल. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी धावत रस्ता ओलांडून गेले होते. त्यांनी वरूनच मला मान लववून नमस्कार केला.

या माणसाला डोंगराचं वेड कसं लागलं, ते मला नीट कळलं नाही. विचारलं की म्हणत, “दोर विकतो ताई, तो कशाला लागतो ते बघायला गेलो, आणि गेलोच.” महिन्यातल्या एका रविवारी पंधरा-वीस माणसं घेऊन ते निघत. पाटणादेवीचं जंगल, वरचं पठार, कधी सातपुडा, कधी सायकलवर कच्च्या वाटांनी. आदल्या दिवशी, शनिवारी, दुकानाच्या ओट्यावर एक पिवळी ताडपत्री अंथरली जाई. सगळ्यांनी आपापल्या पाठपिशव्या घेऊन यायचं आणि त्या तिच्यावर पालथ्या करायच्या. याला नाना ‘पसारा’ म्हणत. तेरा वस्तू होत्या. पाण्याच्या दोन बाटल्या, बॅटरी, दहा हात दोरी, सुई-दोरा, मीठ-साखरेची पुडी, कोरडे मोजे, असं करत करत शेवटी शिट्टी. नाना एकेक नाव घेत आणि तितके हात वर जात. एखादी वस्तू कमी असली तर सूर्य बुडेपर्यंत आणायची मुभा. सूर्य बुडाला की ताडपत्री घडी. ज्याचं कमी, तो उद्या घरी.

ही सूर्याची भानगड त्यांच्या चौविहारातून आली होती. सूर्य मावळला की ते अन्नपाणी घेत नसत, आणि कोणाची सबबही घेत नसत.

माझी पहिली फेरी अशीच हुकली. नव्या बुटांना नव्या लेस ओवून मी मोठ्या ऐटीत ओट्यावर बसले होते. शिट्टीची पाळी आली तेव्हा म्हणाले, “हो नाना, घरी आहे.”

“घरी आहे म्हणजे नही शे,” नाना म्हणाले.

“अहो, मुलाची आहे, शाळेतली. सकाळी येताना घेऊन येते.”

“घरी आहे म्हणजे नही शे,” ते पुन्हा म्हणाले, आणि मावळतीकडे बघितलं. घर लांब नव्हतं. मी निघालेही, पण रेल्वेचं फाटक लागलं आणि मालगाडी काही संपेना. परत आले तर ताडपत्री घडी होऊन कोनाड्यात गेली होती आणि नाना कुलूप लावत होते. मला त्या माणसाचा इतका राग आला की पुढचे पंधरा दिवस मी त्यांच्या नमस्काराला मान हलवली नाही. सोळाव्या दिवशी ते स्वतः रस्ता ओलांडून आले, चष्म्याची काडी ढिली झाली म्हणाले. काडी अजिबात ढिली नव्हती. जाताना म्हणाले, “ताई, येत्या शनिवारी पसारा आहे.” तेव्हापासून माझ्या पिशवीत दोन शिट्ट्या असतात.

त्यांची स्वतःची पिशवीही बघण्यासारखी होती. दुकानातल्याच मेणकापडाची, हातशिलाईची, पट्टे जुन्या नाड्याचे. आत उकळलेलं पाणी, पाणी गाळायचं फडकं, खाखरे आणि मेथीचे ठेपले. आम्ही डोंगरावर भरीत-भाकरी सोडली की ते दहा पावलं लांब जाऊन आमच्याकडे पाठ करून बसत. कांदा-लसूण-वांग्यावर त्यांचं कधी भाषण नसे. आमचं चापून खाणं झालं की येऊन विचारत, “झालं तुमचं पाप?” आणि खदखदून हसत. सकाळी बूट घालण्याआधी ते झटकायला लावत. बूट तर सगळेच गिर्यारोहक झटकतात. नाना सांगत, “विंचू आपल्याला चावेल म्हणून नाही हो. आपण त्याला चिरडू म्हणून.”

आमच्यात कुणाल नावाचा एक होता. पुण्याहून इथल्या बँकेत बदलून आलेला, तिशीतला, उमदा, आणि जगातली प्रत्येक वस्तू मोबाइलवरून मागवणारा. त्याची गिअरची सायकल आली तेव्हा नाना तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घालून आले आणि विचारलं, “पंक्चरचं सामान?” कुणालने सायकलीचे टायर कसे फाटूच शकत नाहीत, हे सांगितलं. पाटणादेवीच्या वाटेवर धारदार दगडाने त्याच्या मागच्या टायरला बोटभर चीर पडली. नानांनी पिशवीतून ताडपत्रीचा तळहाताएवढा तुकडा काढला, दुहेरी करून चिरेच्या आतून बसवला, त्यावर ट्यूब, आणि हवा. कुणाल त्या टायरवर घरी तर आलाच, पुढे चार महिने तोच चालवत होता. भेटेल त्याला दाखवायचा.

मग त्याने हवा भरायची नाव मागवली, दोन वल्ह्यांची, आणि तिच्याबरोबर सहा नारिंगी जॅकेटं. धरणाच्या पाण्यात वल्हवायला जायचं ठरलं. पसाऱ्यात नानांनी जॅकेट उलटंपालटं करून वाचलं. “नव्वद किलो लिहिलंय.”

“हो नाना. तपासलेलं असतं कंपनीने.”

“कोणी तपासलं? त्याचं वजन किती?”

नानांना पोहता येत नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तरी पुढच्या सकाळी, धरणावर निघण्याआधी, ते एका गिऱ्हाइकाच्या मळ्यात गेले, विहिरीत कासव आहे का याची आधी चौकशी केली, कमरेला आपल्याच दुकानातला सोल बांधला, तिघांच्या हातात त्याचं टोक दिलं आणि जॅकेट घालून सदऱ्या-लेंग्यासकट विहिरीत उतरले. एक जॅकेट झालं की वर, दुसरं घालून पुन्हा खाली. पाचव्या जॅकेटचा पट्टा शिवणीतून सुटला आणि नाना गळ्यापर्यंत गेले. वर ओढल्यावर दात वाजत असताना त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि सहावं मागितलं. शेतकऱ्याची बायको हे सगळं बघून मला हळूच म्हणाली, “या शेठले काय घरमां कोनी नही शे का?”

घरात होतं सगळं. बायको नव्हती, पण मुलगा सुरतेला कापडाच्या व्यापारात होता, आणि फोनवर रोज सांगायचा, बस झालं आता, इकडे या. नाना त्याला मात्र बिनधास्त ‘हो’ म्हणत.

शिट्टीच्या कायद्याची सगळ्यात जास्त टर उडवायचा तो भिला. भिला दूधगाडी चालवतो, गाव डोंगराच्या पायथ्याशी, आणि चालण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. पसाऱ्यात तो शिट्टी दोन बोटांत धरून मेलेल्या उंदरासारखी वर करायचा. “नाना, मन्हा जलम या डोंगरमां गया. माले काय शिट्टी लागस?”

“डोंगर तुन्हा शे,” नाना म्हणाले, “पन धुई तुन्ही नही शे.”

श्रावणातली गोष्ट. पाटणादेवीच्या वरच्या पठारावर आम्ही पोचलो आणि नानांची ती धुई, म्हणजे धुकं, एवढं उतरलं की स्वतःच्या बुटांकडे बघायला वाकावं लागे. नानांनी आम्हाला दोरी धरून ओळीत बसवलं आणि माणसं मोजली. एक कमी. भिला पुढची वाट बघून येतो म्हणून दोन मिनिटांपूर्वी गेला होता. हाका मारल्या. त्याच्या हाका आल्याही, पण कड्यावर आपटून चारही बाजूंनी आल्या. त्याचा आवाज जवळ येतोय की लांब जातोय, तेच कळेना. आणि त्या पठाराला कडा कुठे आहे, ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

नानांनी आपली पितळी शिट्टी काढली. लाल नाड्यात ओवलेली, वर्षानुवर्षं घासून पिवळीधमक. एक लांब फुंकर. एक म्हणजे ‘मी इथे आहे’. मग थांबले. पलीकडून काही नाही. पुन्हा एक. बऱ्याच वेळाने उजवीकडून तीन बारीक फुंकरा आल्या. तीन म्हणजे ‘अडचणीत आहे’. “हलू नको. वाजवत बस,” नाना ओरडले. कमरेला दोर बांधला, टोक कुणालच्या हाती दिलं आणि प्रत्येक चार पावलांना एक शिट्टी वाजवत धुक्यात गेले. दोर पूर्ण सुटायला थोडाच बाकी होता तेव्हा थांबला. मग परत येऊ लागला. भिला आला तो नानांचा सदरा मुठीत धरून. त्याच्या पुढे तीन हातांवर जमीन संपत होती, असं नानांनी नंतर सांगितलं. इथेच होतो, एवढंच भिला बराच वेळ म्हणत राहिला, “मी आठेच व्हतू. मी आठेच व्हतू.” आता तो दूध घालायला जातानाही शिट्टी गळ्यात घालतो. लोक हसतात, तो हसू देतो.

त्यानंतर दोन वर्षांनी, एका सोमवारी नाना माझ्याकडून नवा चष्मा घेऊन गेले. बुधवारी आले आणि म्हणाले, “ताई, झाला का माझा चष्मा?” तो त्यांच्या नाकावर होता. मी हसले. त्यांनी हात लावून बघितला आणि तेही हसले. शनिवारी पुन्हा आले. “झाला का?” त्या दिवशी मला हसता आलं नाही.

पुढे बारीकसारीक गोष्टी दिसू लागल्या. दोर कडीत ओवून झाल्यावर ते आपल्या हातांकडे बघत उभे राहत. गिऱ्हाईक वाट बघे. पसाऱ्यात मात्र तेरा वस्तू पाठ होत्या, एक इकडची तिकडे होत नसे. आमच्या तपासण्या झाल्या की शेवटी त्यांची स्वतःची पाळी येई, तेव्हा नावं भिला घेई आणि नाना आमच्यासारखेच हात वर करीत. आषाढात त्यांच्या पिशवीत बॅटरी नव्हती. त्यांचं लक्ष नसताना मी माझी जास्तीची सरकवली. भाद्रपदात कोरडे मोजे नव्हते, ते कुणालने ठेवले. पुढच्या वेळी मीठ-साखर, ती भिलाने. आम्ही तिघं एकमेकांशी यावर काही बोललो नाही. कमी निघालं तर ते घरी बसणार, आणि डोंगर सुटला तर सुरतेची गाडी लागणार, एवढं आम्हाला कळत होतं. आम्हाला ते हवे होते. चुकीचं करतोय हेही कळत होतं, कारण डोंगरावर ती बॅटरी पिशवीत आहे हे त्यांना आठवलं नसतं तर ती असून नसल्यासारखीच होती. तरी मी केलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करेन की नाही, सांगता येत नाही.

डिसेंबरात सातपुड्यात दोन दिवसांसाठी जायचं होतं. पसारा मांडला. समोरच्या गल्लीच्या तोंडाशी सूर्य अजून हातभर वर होता. आमचं सगळ्यांचं झालं. भिला नानांची नावं घेऊ लागला. पाणी, शे. बॅटरी, शे. दोरी, शे. बारा झाल्या.

“शिट्टी?”

“शे,” नाना म्हणाले आणि हात वर केला.

हात रिकामा होता.

वर केलेल्या हाताकडे त्यांनी स्वतःच बघितलं. मग ताडपत्रीवर बघितलं, पिशवीत बघितलं, सदऱ्याचे खिसे चाचपले. मी माझी दुसरी शिट्टी, नारिंगी प्लास्टिकची, त्यांच्या गुडघ्याजवळ सरकवली आणि म्हटलं, “ही काय नाना, इथे पडलीय.”

त्यांनी ती उचलली. उलटीपालटी केली. “ही कोनी शे?”

“तुमचीच.”

“माझीच?”

“हो,” मी म्हणाले.

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मीच बनवलेल्या चष्म्यावरून. रागावले असते तर बरं झालं असतं. “ताई,” ते म्हणाले, “तुम्ही ‘हो’ म्हणताय.” शिट्टी त्यांनी माझ्या हातात परत दिली, माझी बोटं मिटवून. मग म्हणाले, “बॅटरी पण तुमचीच होती ना त्या वेळी?” म्हणजे त्यांना माहीत होतं. किती दिवसांपासून, ते मी विचारू शकले नाही.

कुणाल उठला. “नाना, सूर्य आहे अजून. घरी असेल तुमची. मी सायकलवर जाऊन आणतो, पाच मिनिटं लागतील. कुठे ठेवलीय सांगा फक्त.”

नाना विचार करत बसले. खरंच विचार करत होते, कपाळाला आठ्या घालून. सूर्य पलीकडच्या पाण्याच्या टाकीला टेकला. “घर शे का नही शे,” ते हळू म्हणाले, “तेच माले ठाऊक नही.” ते भिलाकडे वळले. “भिला, कायदा काय शे?”

भिलाने गळ्यातली शिट्टी मुठीत धरली.

“सुवालाल उद्या घरी,” नानांनीच सांगितलं. मग आम्हाला उठवलं आणि ताडपत्रीचं एक टोक माझ्या हातात दिलं. नेहमीसारखी कोपऱ्याला कोपरा लावून आम्ही घडी केली. घडीवर ते नेहमी एक थाप मारत, तीही मारली.

सकाळी झुंजुमुंजू झालं तेव्हा जीप दुकानासमोर उभी होती. नाना येतील असं वाटलं नव्हतं. ते आले, अंघोळ करून, कानाला मफलर गुंडाळून, हातात काहीच नाही. जीपभोवती फिरले, टपावरच्या सामानाचे दोर ओढून बघितले, एक गाठ सोडून पुन्हा बांधली. ती गाठ त्यांच्या बोटांनी न चुकता बांधली. मग मागच्या दाराशी येऊन, सगळं आलं का, असं निघताना नेहमी विचारत तसं विचारलं, “बठ्ठं शे का?”

यावर आम्ही सगळे एका सुरात ‘शे’ म्हणत असू. रस्त्यावरची कुत्री दचकत. त्या दिवशी कुत्री झोपूनच राहिली. मी खाली माझ्या बुटांकडे बघत होते.

“नही शे, नाना,” पुढच्या सीटवरून भिला म्हणाला.

नाना लगेच गंभीर झाले. दारात हात घालून पिशव्या चाचपू लागले. “काय ऱ्हायनं?”

भिला मागे वळला नाही. “घर शे,” तो म्हणाला.

नानांनी पिशवीवरून हात काढला. राहिलेलं ते आपणच, हे त्यांना कळलं, आणि ते खदखदून हसले, आमचं भरीत संपल्यावर हसत तसेच. पुढे येऊन त्यांनी खिडकीतून भिलाच्या डोक्यावर हात ठेवला. “घर शे म्हनजे नही शे,” ते म्हणाले. “चाल. ऊन व्हई जाई.”

भिलाने गाडी सुरू केली. वळणावर मी मागे बघितलं, तर नाना दुकानाची पायरी चढत होते, आणि चढता चढता थांबून त्यांनी पायातला बूट काढला, उलटा करून झटकला आणि आत कोणी नाही ना हे बघून पुन्हा घातला.